सागरी मासेमारीतील परित्यक्त मासळीचा प्रश्न

पैठण हे नगर समुद्रापासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर वसलेले आहे. तथापि समुद्राशी त्याचा संबंध नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून बैलगाड्यांतून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालाचा उल्लेख येतो. आज हा संबंध उलट दिशेने व वेगळ्या स्वरूपात चालू आहे. किनाऱ्यावर उतरलेली हलकी मासळी वाळवून व दळून तिचे जे मत्स्यचूर्ण तयार होते, ते कोंबड्यांच्या आणि तळ्यांतील माशांच्या खाद्यातून देशाच्या अगदी अंतर्भागापर्यंत पोचते. समुद्रात ज्या मासळीला कोणी विचारत नव्हते, ती अशा रीतीने उपयोगी पडू लागली, ही गोष्ट वरकरणी समाधानाची वाटते. हे समाधान कितपत खरे आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

व्यापारी मासेमारीत जाळ्यात येणाऱ्या सर्वच मासळीसाठी जाळे टाकलेले नसते. कोळंबीसाठी ओढलेल्या जाळ्यात कोळंबीबरोबर अनेक जातींचे मासे, खेकडे, म्हाकूळ, शंखशिंपले व प्रसंगी कासवेही येतात. ज्या जातीसाठी जाळे टाकले ती ‘लक्ष्य मासळी’ आणि तिच्यासमवेत जे अनाहूतपणे आले ती ‘आनुषंगिक मासळी’ असे म्हणावयास हरकत नाही. आनुषंगिक मासळीपैकी काही भाग नौकेवर ठेवून बंदरात आणला जातो. उरलेला भाग, मेलेला वा जिवंत, समुद्रातच टाकून दिला जातो. या टाकून दिलेल्या भागास येथे ‘परित्यक्त मासळी’ ही संज्ञा योजिली आहे. या दोन संज्ञांतील भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण आनुषंगिक मासळीचे प्रमाण तेच राहूनही परित्यक्त मासळीचे प्रमाण घटू शकते. भारताच्या किनाऱ्यावर असेच काही घडले आहे आणि या घडामोडीचा अर्थ लावण्यात पुष्कळदा चूक होते.

परित्यागाची कारणे

मासळी का टाकून देतात याची कारणे निरनिराळी आहेत. पहिले कारण बाजारपेठेचे. केंडासारखे फुगणारे व विषारी मासे, समुद्रतारे, झार या नावाने कोळ्यांना परिचित असलेले जेलीमासे यांना गिऱ्हाईकच नसते. दुसरे कारण आकाराचे. मासा उत्तम जातीचा असला तरी बोटाएवढा असेल तर त्याला भाव येत नाही. तिसरे कारण नासाडीचे. तीन-तीन तास तळावरून ओढलेल्या जाळ्यात खालच्या थरातील मासळी वरच्या भाराने चेंगरते व विकण्याच्या लायकीची राहत नाही. चौथे कारण जागेचे व बर्फाचे. अनेक दिवसांच्या सफरीवर निघालेल्या नौकेच्या खणात जागा मोजकी असते. सफरीच्या आरंभी हलकी मासळी भरून ठेवली तर पुढे मिळणाऱ्या कोळंबीस जागा उरणार नाही, या हिशेबाने ती टाकली जाते. तीच मासळी अखेरच्या दिवशी मिळाली तर ठेवून घेतात. एकाच नौकेवर, एकाच मासळीच्या बाबतीत, सोमवारचा व्यवहार शनिवारी बदलतो. पाचवे कारण कायद्याचे. संरक्षित प्राणी बाळगणे हा गुन्हा असल्यामुळे तो परत सोडावाच लागतो.

युरोपीय देशांत याला आणखी एका कारणाची जोड मिळाली. तेथे प्रत्येक देशास व नौकेस विशिष्ट जातीची किती मासळी आणता येईल याची मर्यादा ठरवून दिलेली असते. मर्यादा संपल्यावर जाळ्यात आलेली तीच मासळी बेकायदेशीर ठरते आणि टाकून दिली जाते. तसेच मर्यादेत बसणारे मासे मोठ्यांत मोठे असावेत म्हणून लहान मासे टाकून मोठे ठेवण्याकडे प्रवृत्ती होते. भारतीय मासेमारी अशा कोट्यांवर चालत नाही. म्हणून तेथील परित्याग आणि येथील परित्याग यांना एकच उपाय लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही.

टाकलेली मासळी जगते काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. तळातून वर खेचताना दाब झपाट्याने कमी होतो, त्यामुळे हवेची पिशवी असणाऱ्या माशांची पिशवी फुगून अंतर्गत इंद्रिये दुखावतात. जाळ्यात घासल्याने खवले व त्वचेवरील श्लेष्मा निघून जातो. पुढे निवडानिवड होईपर्यंत मासळी उन्हात तक्त्यावर पडून राहते. यांतून बहुतेक लहान मासे वाचत नाहीत. काही खेकडे, पाकट व मुशी यांसारख्या चिवट प्राण्यांची तग धरण्याची शक्यता तुलनेने अधिक असते. मेलेल्या मासळीचा काही भाग समुद्रपक्षी टिपतात. बाकीचा तळाशी जाऊन तेथील मृतभक्षक प्राण्यांच्या उपयोगी पडतो. म्हणजे द्रव्य सर्वस्वी नाहीसे होत नाही. परंतु जो मासा वाढून प्रजोत्पादन करावयाचा होता तो मात्र कायमचा नाहीसा होतो.

जगातील मापन व त्याच्या मर्यादा

परित्यक्त मासळीचे जागतिक मापन करण्याचे महत्त्वाचे प्रयत्न संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने केले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अल्व्हरसन व सहकाऱ्यांच्या अहवालात हे प्रमाण वर्षास सुमारे २.७ कोटी टन असल्याचा अंदाज मांडला गेला. २००५ साली केलेहर यांच्या अहवालाने ते ७३ लाख टन, म्हणजे एकूण पकडीच्या ८ टक्के, असल्याचे नमूद केले. २०१९ च्या अहवालात २०१० ते २०१४ या काळासाठी ९१ लाख टन, म्हणजे पकडीच्या सुमारे १०.८ टक्के, हा आकडा आला. त्यांपैकी जवळजवळ निम्मा भाग तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचा होता.

हे तीन आकडे एका रांगेत मांडून, परित्याग आधी झपाट्याने घटला व नंतर थोडा वाढला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा. पहिल्या अहवालात काही मासेमारीत आढळलेली गुणोत्तरे लक्ष्य जातींवरून इतरत्र लागू केली होती. दुसऱ्यात प्रत्येक मासेमारीचा स्वतंत्र विचार करून बेरीज केली होती. पद्धतच निराळी असल्यामुळे दोहोंची वजाबाकी म्हणजे प्रत्यक्ष घट नव्हे. घट झाली हे खरे, आणि अधिक निवडक जाळी व हलक्या मासळीचा वाढता उपयोग ही तिची कारणे सांगितली जातात. पण घटीचा किती भाग समुद्रातला व किती भाग गणितातला, हे या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे उदाहरण उद्बोधक वाटेल.

मूळ अडचण निरीक्षणाच्या जागेची आहे. भारतातील सागरी मासळीची नोंद १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था नमुना-पाहणीच्या शास्त्रीय पद्धतीने करीत आली आहे. ही पाहणी मासळी उतरविण्याच्या ठिकाणी होते. जे बंदरात आलेच नाही ते स्वाभाविकपणेच या नोंदीत येत नाही. त्यासाठी निरीक्षक नौकेवर गेला पाहिजे, किंवा नौकेवरील तांडेलाने टाकलेल्या मासळीचा नमुना राखून ठेवला पाहिजे. हे काम खर्चाचे व कष्टाचे असल्यामुळे अशी माहिती थोड्याच बंदरांपुरती व थोड्याच काळापुरती मिळते.

भारतातील स्थित्यंतर

मुंबईच्या समुद्रात यांत्रिक ट्रॉलिंगचे प्रयोग बरेच जुने आहेत. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाच्या ट्रॉलरकडून येथील समुद्राची पाहणी करविली होती. परंतु तो प्रयोग आर्थिकदृष्ट्या परवडला नाही. खरा पालट स्वातंत्र्यानंतर झाला. १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रे यांच्यात झालेल्या करारानुसार केरळमध्ये नौकांच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. पुढे गोठविलेल्या कोळंबीस परदेशी बाजारपेठ मिळताच लहान ट्रॉलरांची संख्या दोन्ही किनाऱ्यांवर वाढत गेली. ससून डॉक, वर्सोवा, रत्नागिरीचा मिरकरवाडा ही महाराष्ट्रातील बंदरे या नव्या मासेमारीची केंद्रे बनली.

कोळंबी समुद्रतळाशी राहते व ती लहान असते. म्हणून तिच्यासाठी तळावरून ओढले जाणारे व बारीक आसाचे जाळे लागते. या दोन गुणांमुळेच कोळंबीचा ट्रॉल हा सर्वांत कमी निवडक जाळ्यांपैकी एक ठरतो. १९७९ सालच्या भारतातील ट्रॉल-मासळीच्या एका प्रसिद्ध अंदाजानुसार तीत आनुषंगिक मासळी सुमारे ३.१६ लाख टन, म्हणजे एकूण ट्रॉल-मासळीच्या सुमारे ७९ टक्के होती. गोदावरी पैठणहून वाहत जाऊन ज्या बंगालच्या उपसागरास मिळते, तेथील विशाखापट्टणमच्या मोठ्या कोळंबी ट्रॉलरांची स्थिती याहून वाईट होती. त्यांच्या शीतखणातील प्रत्येक जागा कोळंबीसाठी राखलेली असल्याने उरलेली मासळी समुद्रातच जात असे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्व किनाऱ्यावरील हा परित्याग वर्षास एक लाख टनांच्या आसपास असल्याचे अनुमान होते.

त्यानंतर परिस्थिती पालटली. २००५ च्या जागतिक अहवालात भारताचे परित्यागाचे प्रमाण एकूण सागरी मासळीच्या अवघे २ टक्के, सुमारे ५८ हजार टन, असे दाखविले गेले. जगाच्या सरासरीच्या मानाने हे प्रमाण फारच थोडे आहे. याचे कारण येथील मच्छीमारांनी जाळी बदलली हे नव्हे. येथे बाजार बदलला. राणी मासा, ढोमा, वाकटी, म्हाकूळ यांसारख्या पूर्वी उपेक्षित असलेल्या जातींना देशात व परदेशात मागणी आली. जे माणसांच्या खाण्यात जात नाही, त्याला मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांचे गिऱ्हाईक मिळाले. उत्तरेकडील बंदरांत ‘कुटा’ या नावाने ओळखली जाणारी ही मिश्र, बारीक, पुष्कळदा नासकी मासळी आता सफरीच्या खर्चाला हातभार लावणारी वस्तू ठरली. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या संशोधकांनी दाखविल्याप्रमाणे ट्रॉल-मासळीतील या हलक्या मासळीचा वाटा २००८ मध्ये १४ टक्के होता, तो २०११ मध्ये २५ टक्क्यांवर गेला.

वाया न जाणे व नुकसान न होणे

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. जी मासळी समुद्रात फेकली जात होती ती बंदरात येऊ लागली, एवढ्याने नुकसान टळले काय?

‘कुटा’ म्हणून उतरणाऱ्या मासळीत दोन घटक असतात. एक, जातीनेच लहान व कमी मोलाचे प्राणी. दुसरा, मोलाच्या जातींची पिल्ले. पहिल्या घटकाचा उपयोग होणे हे निश्चितच इष्ट होय. दुसऱ्या घटकाचे गणित मात्र वेगळे आहे. माशाचे वजन स्थूलमानाने त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते. समजा, एका जातीची १,००० पिल्ले प्रत्येकी १० सेंटिमीटर लांबीची व १० ग्रॅम वजनाची असताना पकडली, तर १० किलो मासळी मिळेल. तीच पिल्ले सोडून दिली आणि २० सेंटिमीटर लांबीची होईपर्यंत त्यांपैकी ६० टक्के नैसर्गिक कारणांनी मेली, असे धरले, तरी उरलेली ४०० प्रत्येकी ८० ग्रॅमची भरतील व एकूण ३२ किलो मासळी मिळेल. शिवाय पहिली १० किलो मासळी कुट्याच्या भावाने जाईल व दुसरी ३२ किलो माणसांच्या पानातील मासळीच्या भावाने. हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील तत्त्व मत्स्यशास्त्रात सर्वमान्य आहे. वाढीपूर्वी पकडल्यामुळे होणाऱ्या या हानीस ‘वृद्धिगत अतिमासेमारी’ म्हणतात. पिल्ले इतकी घटली की पुढच्या पिढीसाठी पुरेशी मादी-मासळीच उरत नाही, तेव्हा त्याहून गंभीर अशी ‘प्रजननगत अतिमासेमारी’ सुरू होते.

तेव्हा पिल्लू समुद्रात मरून पडले काय किंवा कारखान्यात दळले गेले काय, साठ्याच्या दृष्टीने परिणाम एकच. किंबहुना दुसऱ्या प्रकारात एक अधिक धोका आहे. टाकून द्यावी लागणारी मासळी ही मच्छीमारास कटकट असते. ती निवडण्यात श्रम जातात, म्हणून जेथे ती फार येते ती जागा तो टाळतो. तिला भाव आला की ती जागा टाळण्याचे कारण उरत नाही. परित्यागाचा आकडा जसजसा शून्याकडे जातो तसतसा पिल्ले न पकडण्याचा हेतूही शून्याकडे जाऊ शकतो. यास्तव ‘भारतात परित्याग नगण्य आहे’ हे विधान खरे असूनही त्यावरून भारतीय मासेमारी निर्दोष आहे असे अनुमान निघत नाही.

हा दोष केवळ यांत्रिक ट्रॉलरचाच आहे असेही नाही. पालघर, मुंबई व रायगडच्या किनाऱ्यावरील डोल जाळे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे साधन आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात ते पिशवीप्रमाणे रोवून ठेवतात. उधाणाच्या दिवसांत प्रवाहास जोर असतो तेव्हा त्यात बोंबील, जवळा, मांदेली व कोळंबी भरते. जवळ्यासारखा बारीक जीव अडकावा म्हणून त्याच्या खोल्याचा आस अगदी बारीक असतो. त्यामुळे विशिष्ट ऋतूंत पापलेटची पिल्लेही त्यात सापडतात. हे जाळे स्थिर असल्याने तळ खरवडत नाही व इंधनही जाळत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु निवडकतेच्या कसोटीवर त्यालाही सूट देता येत नाही. साधन पारंपरिक की यांत्रिक, यापेक्षा आस केवढा, ऋतू कोणता व जागा कोणती, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

उपायांचा विचार

जगात या प्रश्नावर तीन प्रकारचे उपाय योजिले गेले आहेत : टाकण्यास बंदी, पकडण्यास बंदी आणि जाळ्यात सुधारणा.

टाकण्यास बंदी हा मार्ग नॉर्वेने १९८७ साली कॉड व हॅडॉक या माशांपासून स्वीकारला व पुढे इतर जातींना लागू केला. युरोपीय संघाने २०१३ च्या धोरणानुसार २०१५ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने मर्यादित जातींची सर्व मासळी बंदरात आणणे सक्तीचे केले. नियमाहून लहान मासळी आणावी, ती कोट्यात मोजली जावी, पण माणसांच्या खाण्यासाठी थेट विकू नये, अशी त्यात तरतूद आहे. लहान मासळी आणणे तोट्याचे व्हावे आणि त्यायोगे मच्छीमाराने ती पकडणेच टाळावे, हा त्यामागील हेतू. जेथे कुट्याला भाव आहे तेथे हा हेतू साधणार नाही हे उघड आहे. भारतात असा कायदा केल्यास तो आज चालू असलेल्या व्यवहारावर केवळ शिक्कामोर्तब करील.

पकडण्यास बंदी हा दुसरा मार्ग. केरळने २०१५ साली काही जातींसाठी किमान वैध आकार ठरविले. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी तसे आकार जाहीर केले; त्यांत पापलेटसाठी १३५ मिलिमीटर ही मर्यादा आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान देण्यात आला. पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या सातपाटीसारख्या गावांतील मच्छीमारांनी पिल्लांच्या मासेमारीविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठविला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. हे नियम सर्वस्वी वरून लादलेले नाहीत. तथापि किमान आकाराच्या नियमात एक अंतर्विरोध आहे. तो बंदरावर लागू होतो, मासा मात्र समुद्रात मरतो. जाळे तेच राहिले तर पिल्ले जाळ्यात येणारच, आणि दंडाच्या भीतीने ती मेलेल्या स्थितीत समुद्रात टाकली जातील. म्हणजे परित्याग कमी असलेल्या देशात नियमामुळेच परित्याग निर्माण होईल आणि बंदरावरील नोंदीतून तो दिसेनासा होईल. किमान आकाराचा नियम म्हणूनच एकटा पुरेसा नाही. जाळे, ऋतू व क्षेत्र यांच्या नियमांची त्याला जोड हवी.

ऋतूचा नियम पश्चिम किनाऱ्यास परिचित आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यात १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद ठेवली जाते. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने शासनास साधने, क्षेत्रे व काळ यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला, आणि २०२१ च्या सुधारणेने दंडाची रक्कम पुष्कळ वाढविली. पावसाळी बंदीचा लाभ त्या काळात अंडी घालणाऱ्या जातींना होतो. परंतु बंदी उठताच समुद्रात पिल्लांचीच गर्दी असेल तर दोन महिन्यांत जे राखले ते पुढील काही आठवड्यांत जाऊ शकते. बंदीचा काळ संपल्यावरही खोल्याचा आस पिल्लांना वाट देणारा असला पाहिजे, याचे कारण हेच.

तिसरा मार्ग जाळ्याच्या सुधारणेचा. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळे ओढले जाऊ लागले की ताणामुळे ही शंकरपाळी लांबट होऊन मिटते. म्हणून कागदावर मोठा दिसणारा आस पाण्यात चिंचोळी फट बनतो व पिल्लांना बाहेर पडता येत नाही. खोल्याचे जाळे फिरवून त्याचा आस चौकोनी ठेवला तर ताण धाग्यांच्या दिशेने पडतो आणि चौकोन उघडा राहतो. खर्च किरकोळ, पण परिणाम मोठा, असा हा बदल आहे. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने चौकोनी आसाच्या खोल्याचा पुरस्कार केला व अनेक किनारी राज्यांच्या नियमांत त्याला स्थान मिळाले. कोळंबी व पिल्ले वेगळी करून पिल्लांना बाहेर सोडणारी जाळीदार चौकटही याच संस्थेने तयार केली.

कासवांच्या बाबतीत या तिसऱ्या मार्गास आंतरराष्ट्रीय व्यापाराची धार चढली. कोळंबीच्या ट्रॉलमध्ये कासवास बाहेर काढणारे साधन बसविलेले नसल्यास त्या देशाची समुद्रातील कोळंबी घेऊ नये, असा कायदा अमेरिकेने १९८९ साली केला. त्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ च्या निर्णयात संवर्धनाचा हेतू ग्राह्य मानला गेला, परंतु कायद्याची अंमलबजावणी पक्षपाती असल्याचे ठरले. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेने भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणे थांबविले. त्याचा भार ज्या लहान ट्रॉलरमालकावर पडला, त्याला चौकट बसविल्यास थोडी कोळंबीही निसटते अशी भीती वाटते. नियमाने होणारा तोटा त्याचा एकट्याचा आणि कासव वाचल्याचा लाभ सर्वांचा, ही विषमता हा या प्रश्नाचा गाभा आहे.

या विषमतेवर महाराष्ट्राने योजिलेला एक उपाय म्हणूनच लक्षणीय आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने असा निर्णय घेतला की, जाळ्यात सापडलेला कासव, देवमुशी किंवा अन्य संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी मच्छीमारास जाळे कापावे लागल्यास त्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. मच्छीमाराने सुटकेची छायाचित्रे पुरावा म्हणून द्यावयाची. येथे सोडून देण्याची क्रिया दंडाच्या भीतीने न होता भरपाईच्या आश्वासनाने होते, आणि समुद्रावर काय घडले याची नोंदही आपोआप मिळते. जी माहिती बंदरावरील पाहणीत येत नाही ती या मार्गाने संशोधकाच्या हाती लागते, हा त्याचा आनुषंगिक परंतु मोलाचा लाभ होय.

नाथसागराची तुलना

या सर्व विवेचनाचा पैठणच्या अभ्यासकास काय उपयोग, अशी शंका येऊ शकेल. त्याचे उत्तर गावाच्या वेशीवरच आहे. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या व १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणामुळे नाथसागर निर्माण झाला. पूर्ण भरला असता त्याचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरते. कटला, रोहू व मृगल यांचे बीज सोडून अशा जलाशयांत मासेमारी वाढविली जाते, आणि भोई समाजातील अनेक कुटुंबांचा निर्वाह तीवर चालतो.

जलाशयात समुद्रातील अर्थाने परित्याग जवळजवळ नाही. जाळ्यात आलेला लहानसहान मासाही सुकवून वा ओला विकला जातो. परंतु तेथेही जाळ्याचा आस बारीक झाला की सोडलेले बीज वाढण्यापूर्वीच पकडले जाते. दहा ग्रॅमचे बोटुकले पकडणारा व किलोभर वजनाच्या कटल्याची वाट पाहणारा हे दोघे एकाच पाण्यावर जगतात. पहिल्याने घाई केली तर दुसऱ्याचा संयम फुकट जातो, आणि हे एकदा कळले की दुसराही बारीक आस वापरू लागतो. समुद्रात जो प्रश्न शेकडो बंदरांत विखुरलेला व लाटांखाली दडलेला आहे, तोच येथे भिंतीने अडविलेल्या पाण्यात उघडपणे पाहावयास मिळतो.

संशोधनाच्या दृष्टीने ही संधी असामान्य आहे. समुद्रात किती पिल्ले जन्मली हे कोणासही नेमके मोजता येत नाही. जलाशयात मात्र किती बीज सोडले याची नोंद ठेवता येते. निरनिराळ्या आसांच्या जाळ्यांनी ठराविक काळ मासेमारी करून प्रत्येकात कोणत्या लांबीचे किती मासे आले याची मोजणी करणे, त्यावरून जाळ्याचा निवड-वक्र काढणे, आणि सोडलेल्या बीजाच्या तुलनेत अखेर किती वजन हाती आले हे पाहणे, ही पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील कामे आहेत. पक्षी अभयारण्य म्हणून १९८६ पासून संरक्षित असलेल्या या क्षेत्रात असे काम करताना वनखात्याची अनुमती व मच्छीमार सहकारी संस्थांचे सहकार्य ही दोन्ही आवश्यक ठरतील.

सारांश, परित्यक्त मासळीचा प्रश्न केवळ वाया जाणाऱ्या अन्नाचा नाही. अन्न वाया जाऊ नये हे योग्यच. परंतु ते वाया जात नाही एवढ्यावर समाधान मानले तर उद्याचे अन्न आजच दळले जाण्याचा धोका राहतो. देशाच्या यशाचे माप परित्यागाच्या आकड्याने न घेता, जाळ्यात आलेल्या मोलाच्या जातींच्या पिल्लांच्या प्रमाणाने घेतले पाहिजे. हे प्रमाण मोजण्यासाठी निरीक्षक बंदर सोडून नौकेवर गेला पाहिजे, आणि ते घटविण्यासाठी होणारा तोटा एकट्या मच्छीमाराच्या माथी न मारता समाजाने वाटून घेतला पाहिजे. या दोन गोष्टी साधल्या तर किमान आकार, चौकोनी आस व पावसाळी बंदी हे नियम परस्परांस पूरक ठरतील. न साधल्यास त्यांतील प्रत्येक नियम पिल्लांचा मृत्यू एका नोंदवहीतून दुसरीत ढकलण्याखेरीज फारसे काही करू शकणार नाही.